छोट्या इंजिनाला मोठा स्टार्टर नको

मुठीत मावणारे इंजिन, पुढे लाकडी प्रोपेलर आणि तो बोटाने फिरवून फिरवून थकलेला विद्यार्थी हे दृश्य विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्यांच्या मैदानावर नेहमीचेच. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा विषय असल्याने अनेक महाविद्यालयांतील छात्रांना या इंजिनांची ओळख होते. बोटांना मार बसू लागला की विजेच्या स्टार्टरचा विचार मनात येतो आणि बहुधा दुकानातील सर्वांत शक्तिशाली स्टार्टर घेतला जातो. तो चुकीचा ठरला तर किंमत मोजावी लागते ती इंजिनाला.

स्टार्टर म्हणजे बारा व्होल्टची एकदिश प्रवाहावर चालणारी मोटार. तिच्या टोकाला रबरी वाटी असते. ती प्रोपेलरच्या नाकावरील शंकूवर, म्हणजे स्पिनरवर, दाबून धरली की इंजिन फिरते. सर्वसाधारण स्टार्टर मध्यम आकाराच्या इंजिनांसाठी बनवलेले असतात. बाजारात ‘चाळीस’ म्हणून ओळखले जाणारे इंजिन ०.४० घनइंचाचे, म्हणजे सुमारे साडेसहा घनसेंटिमीटरचे. ‘साठ’ सुमारे दहाचे. शिकाऊ छात्राच्या हाती मात्र अनेकदा दीड ते अडीच घनसेंटिमीटरचे इंजिन असते आणि धोका तेथेच आहे.

सिलिंडरमध्ये इंधन जास्त साचले तर पिस्टनला वर जाण्यास जागा उरत नाही, कारण द्रव हवेप्रमाणे दाबला जात नाही. हाताने फिरवताना हा अडथळा बोटांना जाणवतो आणि माणूस थांबतो. मोटारीला तो कळत नाही. ती जोर लावत राहते आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा नाजूक कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बटणाला हात लावण्याआधी प्रोपेलर हाताने एक-दोन फेरे फिरवून पाहणे अनिवार्य मानावे. तो अडला तर इंधन निथळू द्यावे. ग्लो इंजिन असल्यास प्लग काढून आतले इंधन बाहेर काढावे.

डिझेल प्रकारच्या छोट्या इंजिनांत हा धोका आणखी वाढतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालणाऱ्या या इंजिनांना प्लग नसतो. केवळ दाबाने इंधन पेट घेते आणि तो दाब वरच्या स्क्रूने कमी-जास्त करतात. अशा इंजिनाला विजेचा स्टार्टर न लावणेच शहाणपणाचे. रबराचे आवरण चढवलेली लाकडी काठी किंवा जाड हातमोजा पुरेसा होतो, खर्चही नगण्य.

मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनासाठी मात्र स्टार्टर उपयोगी आहे. इंजिन अडीच घनसेंटिमीटरच्या आसपासचे असेल तर बारा व्होल्टऐवजी दोन सेलची, ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी जोडावी. वेग आणि जोर दोन्ही आवाक्यात राहतात. वाटी स्पिनरच्या मापाची हवी, नाहीतर रबर घसरून झिजते. समोरून पाहता बहुतेक इंजिने घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या तर स्टार्टरही उलटा फिरतो. आणखी एक पथ्य: ग्लो प्लगला सुमारे दीड व्होल्ट पुरतो. स्टार्टरची बॅटरी थेट त्याला लावली की त्यातील प्लॅटिनमयुक्त तार क्षणात जळते.

गोव्यातून उज्जैनसारख्या ठिकाणी इंजिन नेणाऱ्याला वेगळाच अनुभव येतो. शिंद्यांच्या काळापासून मराठी कुटुंबांना परिचित असलेले हे शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा किनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्के विरळ. पणजीत नीट चालणारे इंजिन तेथे इंधन जास्त घेतल्यासारखे वागते. नीडल किंचित आवळावी लागते. जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा एरंडेल तेल घट्ट होते, मिथेनॉलची वाफ कमी होते आणि बॅटरीही मंदावते. किनाऱ्यावरील उबदार हवेत सहज पुरणारा स्टार्टर तेथे अडखळतो. यावर उपाय मोठा स्टार्टर घेणे हा नाही. इंजिन थोडा वेळ उन्हात ठेवावे आणि बॅटरी पूर्ण भारित करावी, एवढेच बहुधा पुरते. पाहुण्या हौशीने आणखी एक भान ठेवावे: उज्जैनजवळ दताना येथे हवाईपट्टी आहे. रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशावरील क्षेत्र पाहून घ्यावे, मग ते उज्जैन असो वा दाबोळी.

प्रत्यक्ष सुरू करताना विमान कोणीतरी मागून घट्ट धरावे. वाटी आधी स्पिनरवर टेकवावी, नंतर बटण दाबावे. फिरती वाटी स्थिर स्पिनरवर आणल्यास रबर फाटते. एका वेळी दोन-तीन सेकंदांहून अधिक बटण दाबू नये, कारण अडलेली मोटार फार मोठा प्रवाह खेचते आणि तापते. इंजिन पकडले की स्टार्टर सरळ मागे घ्यावा आणि प्लगची क्लिप प्रोपेलरच्या मागच्या बाजूने जाऊन काढावी. सैल बाही, गळ्यातील ओळखपत्राची दोरी आणि ओढणी आधीच दूर करावी.