संत्र्याची पेटी कोणासाठी?

पांढुर्णा आणि सौसर हे मध्य प्रदेशातले संत्र्याचे तालुके. 2023 मध्ये दोन्ही मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. फळ मात्र सीमेपलीकडच्या वरूड-काटोलसारखेच, नागपुरी. त्याची ढिली साल गिऱ्हाइकाला आवडते, कारण ती चटकन सुटते. वाहतुकीत तीच नडते. दबलेले फळ फुटते आणि एकाची बुरशी शेजारच्यांना लागते.

‘डिझाइन थिंकिंग’ हा मॅनेजमेंटच्या वर्गातला शब्द. त्याची पहिली पायरी साधी आहे: वस्तू कोण, कशी हाताळतो ते आधी पाहा. पेटीच्या बाबतीत हे पाहणे झाडाखालीच सुरू होते. संत्रे ओढून तोडले तर देठाजवळ साल फाटते, म्हणून देठ कात्रीने कापायचा. तोडल्यावरही फळ श्वास घेते, उष्णता आणि ओल सोडते. त्यासाठी पुठ्ठ्याच्या पेटीला भोके हवीत. ती कोपऱ्यांपासून दूर असावीत, कारण थप्पीचे बहुतेक ओझे कोपरेच पेलतात. पेटी शिगोशिग भरली की वरचा भार भिंतींऐवजी फळांवर येतो. (भाव पेटीवर ठरत असेल, तर ती ठासून भरण्याचा मोह सुटायचा कसा?) ओल्या पुठ्ठ्यात जोर उरत नाही. हमालाला धरायला खाचही हवी.

छापील नाव आणि रंगीत चित्र यानंतरचे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत काढणीपश्चात हाताळणीवर काम चालते. इथल्या कास्तकारांनी पुढच्या आंबिया बहारापूर्वी आपली पेटी तिथे नेऊन दाखवावी.