जवळच्या शाळेवर आपल्या लेकराचाही हक्क



आपल्या वस्तीत एखादे लेकरू उशिरा चालते, उशिरा बोलते. सांगितलेले त्याला चटकन कळत नाही. सहा वर्षांचे झाले की शेजारी म्हणतात, "याला शाळेत घालून काय उपयोग?" आई धीर करून शाळेत घेऊन गेली तर तिथे सांगतात, "आमच्याकडे याची सोय नाही, स्पेशल शाळेत घाला." स्पेशल शाळा लांब, रिक्षाचे भाडे परवडत नाही, आणि आई-बाप दोघेही कामावर. मग लेकरू घरीच राहते. एक वर्ष जाते, दोन वर्षे जातात, आणि शिकण्याचे वय निघून जाते. ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढा लढा दिला, त्या समाजाच्या घरात एक मूल केवळ शिकायला वेळ लागतो म्हणून शाळेबाहेर राहावे, हे आपल्याला चालणार आहे का?

वेड नव्हे, पापही नव्हे

ज्याला पूर्वी 'मतिमंदत्व' म्हणत, त्याला आता 'बौद्धिक दिव्यांगत्व' म्हणतात. यात दोन गोष्टी असतात. समजून घेण्याची, विचार करण्याची गती कमी असते, आणि जेवण, कपडे, बोलणे, पैसे, रस्ता ओलांडणे अशी रोजची कामे वयाच्या मानाने उशिरा जमतात. हा मानसिक आजार नाही. वेड तर नाहीच.

कारणे शरीरात असतात. बाळंतपणात बाळ वेळेवर रडले नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, बाळ फार कमी वजनाचे होते, कावीळ डोक्यापर्यंत गेली, मेंदूज्वर झाला, थायरॉईड कमी होते, डाऊन सिंड्रोमसारखा जन्मजात बदल होता, किंवा आई-वडील जवळच्या नात्यातले आहेत. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. मागच्या जन्मीचे पाप, कुणाची नजर, आईचा पायगुण ही कारणे नाहीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या पापाचा सिद्धांत स्पष्ट नाकारला आहे. म्हणून आईला दोष देऊ नका. देवऋषी, अंगारा, नवस, नाहीतर 'बुद्धी वाढवणारे' महागडे टॉनिक यांवर पैसा घालवू नका. तोच पैसा लेकराच्या आहाराला आणि दवाखान्याच्या प्रवासाला लावा.

आधी तपासणी

मूल शिकत नाही म्हणजे ते बौद्धिक दिव्यांगच आहे असे नाही. आधी कान, डोळे आणि थायरॉईड तपासून घ्या. ऐकू कमी येणारे मूलही 'मंद' ठरवले जाते. फिट येत असतील तर औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

तपासणीची सुरुवात अंगणवाडीतून होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येते. २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथक कधी येणार हे अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

द्रोणागिरी, उरण भागातल्या घरांसाठी एक महत्त्वाची सोय जवळच आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे आणि तिचे विभागीय केंद्र खारघरला आहे. बुद्ध्यांक चाचणी, वाचा-उपचार, फिजिओथेरपी, विशेष शिक्षण आणि पालकांना मार्गदर्शन हे तिचे काम. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते आहे. द्रोणागिरी स्थानकातून बेलापूरला उतरायचे आणि पनवेलची गाडी धरायची. पुढचेच स्थानक खारघर. पूर्वी एसटी आणि रिक्षा बदलत जाण्यात दिवस मोडायचा, आता तशी वेळ राहिलेली नाही.

दाखला कशासाठी?

दिव्यांगत्वाचा दाखला म्हणजे लेकराच्या कपाळावरचा शिक्का, असे समजून अनेक पालक तो काढत नाहीत. पण बहुतेक हक्कांचे दार त्याच कागदाने उघडते. सरकारच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज भरायचा. मग आपल्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे रायगडकरांनी अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, तपासणीला जायचे. दाखल्यासोबत यूडीआयडी कार्ड मिळते आणि ते देशभर चालते. विदर्भ-मराठवाड्यातून कंटेनर यार्डात, गोदामांत कामाला आलेल्या कुटुंबांनी हे कार्ड जरूर काढावे. उद्या काम बदलले, गाव बदलले तरी ते सोबत येते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर कायद्यातले विशेष हक्क लागू होतात.

या दाखल्यावर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना घेता येते. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही धरला जातो. रेल्वे-एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा.

कायदा आपल्या बाजूने आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्क्यांवरील दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, हे पालकांनी निवडायचे. शाळेने ठरवायचे नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेत मारणे, मानसिक छळ करणे यालाही बंदी आहे. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर दिव्यांग बालकालाही अर्ज करता येतो.

"सोय नाही" असे तोंडी उत्तर मिळाले तर भांडत बसू नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाकारले तर कारण लेखी मागा. तो कागद घेऊन पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तिथे काम झाले नाही तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि त्यापुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय. शिकलेल्या तरुणांनी अशा आईसोबत एक दिवस काढून जावे. अर्ज लिहून देणे हीसुद्धा समाजसेवाच आहे.

प्रवेशानंतर काय मागायचे?

नाव हजेरीपटावर आले म्हणजे शिक्षण सुरू झाले असे नाही. मूल दिवसभर शेवटच्या बाकावर गप्प बसून घरी येत असेल, तर त्याला समावेशन म्हणत नाहीत. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षक असतात. ते गट साधन केंद्रातून शाळांना भेटी देतात. मुख्याध्यापकांना विचारा, विशेष शिक्षक कधी येतात आणि माझ्या मुलासाठी काय योजना केली आहे? शाळेत येण्या-जाण्याचा भत्ता, मदतनीस भत्ता, शैक्षणिक साहित्य आणि दिव्यांग मुलींसाठी महिना २०० रुपये, वर्षातून दहा महिने मिळणारा प्रोत्साहन भत्ता यांचीही चौकशी करा.

वर्गशिक्षकांना नम्रपणे पण ठामपणे सांगा: याला पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच सूचना द्या. चित्र, मणी, नाणी हातात देऊन शिकवा. शेजारी एक समजूतदार जोडीदार बसवा. दुसऱ्या मुलांशी तुलना करण्याऐवजी मागच्या महिन्यात याला काय येत होते आणि आज काय येते, ते बघा. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, विषयांत पर्याय अशा सवलती आहेत. त्यांचे अर्ज शाळेमार्फत वेळेत जायला हवेत. दिव्यांगत्व फारच तीव्र असेल तर घरी राहून शिकण्याचाही हक्क आहे. मात्र शाळेला नको म्हणून मूल घरी बसवणे वेगळे, आणि त्याची गरज म्हणून घरी शिकवणे वेगळे.

घरची शाळा

सर्वांत मोठी शाळा घरच. मोठ्या कामाचे तुकडे करा. शर्ट घालायला शिकवताना आधी फक्त शेवटचे बटण त्याला लावू द्या. ते जमले की दोन, मग तीन. एकच शब्द रोज वापरा. आज 'पाणी', उद्या 'वॉटर' असे नको. दुकानात सोबत न्या आणि दहाचे नाणे त्याच्या हातून द्यायला लावा. जमले की लगेच शाबासकी द्या. चुकले तर रागावू नका, हात धरून पुन्हा करून घ्या. रोज पंधरा मिनिटे, पण रोज. बहीण-भावालाही यात घ्या, मात्र मोठ्या बहिणीची शाळा बुडवून तिला सांभाळायला बसवू नका.

मुलगा असो की मुलगी, शरीराचे खासगी अवयव, चांगला-वाईट स्पर्श आणि 'नाही' म्हणून ओरडणे हे साध्या शब्दांत शिकवा. अशी मुले सांगू शकत नाहीत हे ओळखून त्यांना त्रास देणारे असतात. मूल अचानक गप्प झाले, घाबरू लागले तर दुर्लक्ष करू नका.

चूळपंथकाची गोष्ट

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथक भिक्खूची गोष्ट आहे. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावाने, तोही भिक्खूच, त्याला संघ सोडून जायला सांगितले. चूळपंथक निघाला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला थांबवले. गाथा बाजूला ठेवली आणि हातात एक स्वच्छ कापडाचा तुकडा देऊन तो चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले, तसे त्याला अनित्य उमगले आणि तो अर्हत झाला. बुद्धांनी त्याला संघाबाहेर जाऊ दिले नाही, शिकवण्याची रीत बदलली. आज ज्याला समावेशक शिक्षण म्हणतात त्याचे सार यातच आहे.

अठरा वर्षांनंतर

लग्न लावून दिले की सुधारेल, हा समज दोन आयुष्यांचे नुकसान करतो. त्याऐवजी मूल १४-१५ वर्षांचे झाल्यापासून हाताला काम शिकवा: पिशव्या शिवणे, पॅकिंग, रोपवाटिका, किराणा दुकानात मदत. १८ वर्षांनंतर कागदोपत्री पालक लागतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो.

शेवटी विहाराबद्दल. रविवारच्या संस्कार वर्गात, वंदनेला, १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला हे लेकरू येते का? आले तर त्याला मेणबत्ती लावायला, फुले मांडायला पुढे बोलावले जाते का? वस्तीतली मुले त्याला नावाने हाक मारतात की 'येडा' म्हणतात? जून महिन्यात शाळा उघडण्याआधी महिला मंडळाने आपल्या वस्तीतली अशी किती मुले घरी बसली आहेत, त्यांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: दाखला निघाला का, शाळेत नाव लागले का. ज्यांच्यापुढे 'नाही' आहे, त्यांच्यापासून कामाला सुरुवात करावी.