समजून घ्या : स्पॅनिश भाषकांना इंग्रजी कुठे अडते?

अमेरिकेत ४ कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. त्यातील अनेक स्थलांतरित मोठेपणी इंग्रजी शिकायला बसतात. नागरिकत्वाच्या परीक्षेत, काही अपवाद वगळता, इंग्रजी बोलणे, वाचणे आणि लिहिणे तपासले जाते.

उच्चार का चुकतात?
स्पॅनिशमध्ये स्वर पाचच. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' सारखेच ऐकू येतात. 'स्क', 'स्ट' अशा जोडाक्षराने शब्द सुरू होत नाही. म्हणून 'स्कूल'चे 'एस्कूल' होते.

वाक्य कुठे बिघडते?
आपण नुसते 'उद्या येईन' म्हणतो. 'मी' गाळला तरी क्रियापदावरून कळते. स्पॅनिशचेही तसेच. इंग्रजीत मात्र कर्ता हवाच. स्पॅनिशमध्ये वय सांगताना 'माझ्याकडे ३० वर्षे आहेत' अशी रचना असते. त्यातून 'आय हॅव थर्टी इयर्स' येते.

सोपे काय?
लॅटिनमधून आलेले हजारो शब्द दोन्ही भाषांत मिळतेजुळते आहेत. 'हॉस्पिटल'चे स्पेलिंग तेच, उच्चार फक्त 'ओस्पिताल'. पण 'एम्बारासादा' म्हणजे 'एम्बॅरस्ड' नव्हे, तर गर्भवती! दवाखान्यात हा घोळ महागात पडू शकतो. म्हणून असे फसवे शब्द पहिल्या काही धड्यांतच शिकवलेले बरे.