आधी पोर, मग कृष्ण
मूकपटांच्या अंधारात : लेखांक ९

पडद्यासमोर बसणाऱ्या पेटीवाल्याची आणि तबलजीची हकीकत या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ती पुढे ढकलतोय. कुडाळच्या एका वाचकांनी असा प्रश्न टाकलाय की त्याला बगल देऊन पुढे जाववेना. ते लिहितात : ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक वहाणा काढून ठेवत, असं तुम्ही सांगितलंत. मग तो चित्रपट काढणाऱ्या त्याच दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’मध्ये आधी आपली मुलगी आणि मग कृष्ण, असं का दाखवलं? लोकांची श्रद्धा ढळेल अशी धास्ती त्यांना वाटली नाही?

‘कालिया मर्दन’ १९१९ चा, फाळक्यांच्या नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. कृष्ण झाली आहे मंदाकिनी फाळके. गोष्ट सुरू व्हायच्या आधी पाटी येते, सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव पाहा, अशा अर्थाची. मग मंदाकिनी. ती हसते, रुसते, चिडते, डोळ्यांत लबाडी आणते. पाहता पाहता तिच्या जागी वेश चढवलेला कृष्ण उमटतो, आणि तिथून पुढे गोकुळ.

हा तुकडा बरेच जण चुकीच्या वेगाने पाहतात. मूकपट सेकंदाला साधारण सोळा चौकटींच्या आसपास चालत. बोलपटाच्या चोवीसने चालवला की त्या पोरीचे भाव म्हणजे नुसत्या माकडचेष्टा वाटतात. वेग उतरवून पाहा. राग येतो, टिकतो आणि मग विरतो. या वयात असा चेहरा! मला हा भाग अख्ख्या चित्रपटाइतकाच मोलाचा वाटतो.

आता श्रद्धेचं. जुन्या प्रेक्षकाला भोळा ठरवायची आपल्याला फार हौस. पडद्यावर आगगाडी येताना पाहून पॅरिसचे लोक खुर्च्या सोडून पळाले, ही गोष्ट शंभर वर्षं सांगितली जातेय. तशी पळापळ झाल्याचा त्या वेळचा भरवशाचा पुरावा मात्र अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात रुपयाचं तिकीट काढून लोकांनी ल्युमिएरची चित्रं पाहिली, त्यांतही ती गाडी होती. रुपया मोजणारे ते लोक काही गाडी न पाहिलेले नव्हते. बोरीबंदर तिथून हाकेच्या अंतरावर.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पाहायला आलेल्या माणसांत संगीत नाटकावर पोसलेले पुष्कळ असणार. स्टेजवरची रूपवती नायिका म्हणजे बालगंधर्व, म्हणजेच नारायणराव राजहंस, हे ठाऊक असूनच ते जीव टाकत. तारामती झालेले साळुंके ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. ‘लंकादहन’मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच. लोकांच्या वहाणा निघाल्या त्या या साळुंक्यांसमोर!

आणि कुडाळकर, तुम्ही हे विचारावं? दशावतार तुमच्या अंगणातला. देवळाच्या आडोशाला तोंड रंगवणारा माणूस पोरांनी पाहिलेला असतो, दुपारी तो कुणाकडे जेवला तेही गावाला ठाऊक असतं. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण तुमच्याकडचीच. तरी तोच विष्णू होऊन उभा राहिला की आयाबाया हात जोडतातच. नट ओळखीचा आहे म्हणून देव उणा होत नाही, हे फाळक्यांनी त्र्यंबकेश्वरातल्या लहानपणापासून पाहिलेलं असणार.

शिवाय फाळके जादूगार होते. आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते खेळ करत. जादूगार आधी पेटी रिकामी असल्याचं दाखवतो, आत हात फिरवतो, मग त्यातून कबूतर काढतो. रिकामी पेटी पाहिलेली नसेल तर कबुतराचं कौतुक कसलं? मंदाकिनीचा तो चेहरा ही फाळक्यांची रिकामी पेटी. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही त्यांनी केला होता. त्याच्या उरलेल्या तुकड्यात ते स्वतः काम करताना दिसतात. गुपित झाकून ठेवायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

बापाचं कौतुक आणि जाहिरातबाजी, एवढंच मंदाकिनीच्या त्या तुकड्यात आहे असं कुणी म्हणेल. कौतुक होतंच, मुलगा भालचंद्र त्यांनी आधीच ‘हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास केला होता. पण मग शेवटाकडे पाहा. कृष्ण यमुनेत उडी घेतो. पाण्याखाली कालियाशी झुंज, वर काठावर गोकुळाचा आक्रोश, पुन्हा पाण्याखाली, पुन्हा काठावर. कृष्ण जिंकणार हे थिएटरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. देवाची काळजी कोण करतो? पण पाण्यात आहे ती सात वर्षांची मुलगी, जिचं रुसणं-हसणं आपण नुकतंच जवळून पाहिलंय. ती ओळख करून दिली नसती, तर काठावरची यशोदा एवढी का रडतेय हे गिरगावातल्या एखाद्या लेकुरवाळीला कळलं असतं. पण पोटात खड्डा पडला नसता.

पेटीवाला पुढच्या आठवड्यात. या वेळी नक्की.