लॅपटॉपचं आयुष्य कोण ठरवतं?

पुण्यात बाणेर, कोथरूड किंवा खराडीच्या व्यापारी इमारतींत, नाशिक-कोल्हापूरच्या मुख्य रस्त्यांवर, दवाखाना आणि विम्याचं ऑफिस यांच्या मधल्या गाळ्यात एक छोटी आयटी कंपनी असते. वीस-तीस माणसं काम करतात. कुणाची वेबसाइट बनवायची, कुणाचं अ‍ॅप सांभाळायचं, कुणाचा हिशेबाचा जुना प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर हलवायचा, अशी कामं. पर्यावरणाचा विषय निघाला की या कंपन्यांपुढे मोठ्यांचा कित्ता ठेवला जातो. इन्फोसिसने २०२० साली कार्बन न्यूट्रल झाल्याचं जाहीर केलं. तिच्याकडे स्वतःच्या जमिनी, स्वतःच्या इमारती आणि सौरऊर्जेचे प्रकल्प आहेत. भाड्याच्या गाळ्यातल्या कंपनीकडे यातलं काही नाही. गच्ची सोसायटीची, वीजजोडणी बहुतेकदा मालकाच्या नावावर आणि भाडेकरार अकरा महिन्यांचा किंवा फार तर पाच वर्षांचा. मग जूनमध्ये चार रोपं लावायची, कागदी कपांच्या जागी चिनी मातीचे कप आणायचे, एवढ्यावर विषय संपतो. माझं म्हणणं असं आहे की या कंपन्यांचा पर्यावरणाशी खरा संबंध त्यांच्या खरेदीच्या नोंदवहीत आहे आणि त्या वहीतली पहिली ओळ लॅपटॉपची आहे. हे एक यंत्र किती वर्षं वापरायचं, हा निर्णय घरमालकाला, महावितरणला किंवा महापालिकेला न विचारता घेता येतो.

या यंत्राचा बोजा कुठे आहे ते आधी पाहू. टेबलावरचा लॅपटॉप तसा गरीब प्राणी आहे. सरासरी २५ वॉट, दिवसाला नऊ तास, वर्षाला २५० दिवस धरले तर वर्षभरात ५५-५६ युनिट वीज लागते. आपल्या देशातली वीज अजून मुख्यतः कोळशाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला ४० किलोच्या आसपास. आता तोच लॅपटॉप जन्माला येताना काय होतं ते बघा. तांबं, कोबाल्ट, लिथियम, टँटलम यांच्या खाणी. अ‍ॅल्युमिनियम गाळणाऱ्या भट्ट्या. आणि सगळ्यांत भारी म्हणजे चिपचे कारखाने, जिथे सिलिकॉनच्या चकतीवर थरांमागून थर चढवताना प्रचंड वीज, अतिशुद्ध पाणी आणि तीव्र तापमानवाढ करणारे वायू लागतात. मोठे उत्पादक आपापल्या मॉडेलचा कार्बन हिशेब प्रसिद्ध करतात. कार्यालयीन वापराच्या साध्या लॅपटॉपसाठी फक्त बनवण्याचा बोजा दोनशे-अडीचशे किलोच्या घरात जातो. म्हणजे खोकं उघडण्याआधीच पाच-सहा वर्षांच्या विजेइतकं देणं त्याच्या खात्यावर चढलेलं असतं.

इथे एक युक्तिवाद हमखास होतो: नवं यंत्र कमी वीज खातं, तेव्हा जुनं बदलणंच हिताचं. फ्रिज किंवा एसीच्या बाबतीत यात तथ्य आहे, कारण ती यंत्रं वीज खाण्यासाठीच ओळखली जातात. लॅपटॉपच्या बाबतीत गणित टिकत नाही. नव्याने चौथा हिस्सा वीज वाचवली असं उदारपणे धरलं तरी वर्षाची बचत दहा किलो. दोनशे किलोची फेड व्हायला वीस वर्षं लागतील, आणि तोवर ते नवं यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं असेल. उलट तोच लॅपटॉप तीनऐवजी सात वर्षं चालला तर बनवण्याचा बोजा वर्षाला ६७ किलोवरून २९ वर उतरतो. कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या देशातही उत्तर हेच येतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मग बहुतेक कार्यालयांत लॅपटॉप तीन-चार वर्षांतच का बदलतो? यंत्र थकलं म्हणून बदललं, असं क्वचितच घडतं. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत मालमत्तांची उपयुक्त आयुष्यं दिली आहेत. सर्व्हर आणि नेटवर्कच्या साधनांना सहा वर्षं, डेस्कटॉप-लॅपटॉपना तीन. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर चाळीस टक्के घसारा मिळतो, म्हणजे साठ हजारांचा लॅपटॉप तीन वर्षांनी कागदावर तेरा हजारांखाली येतो. व्यावसायिक मॉडेलची वॉरंटीही बहुतेकदा तीन वर्षांची घेतलेली असते. हे सगळे तीनाचे आकडे वेगवेगळ्या कारणांनी ठरले, पण एकत्र येऊन ते ऑफिसच्या मनात यंत्राचं वय ठरवून टाकतात. हिशेबात संपलेली वस्तू टेबलावरही संपली, असं गृहीत धरलं जातं. खरं तर तांत्रिक कारण देऊन वेगळं आयुष्य धरायला तो कायदाच मुभा देतो. आणि घसारा पूर्ण झालेलं यंत्र चालू ठेवायला कुणाची बंदी नाही. त्यानंतरचं त्याचं प्रत्येक वर्ष मालकाला जवळजवळ फुकट पडतं.

दुसरा ठरवणारा म्हणजे सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आणली आणि तिच्यासाठी टीपीएम २.० चिप व मोजक्या नव्या प्रोसेसरांची अट घातली. इंटेलच्या बाबतीत ती ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढे, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासूनची यंत्रं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. धडधाकट पडदा, धडधाकट कीबोर्ड, पुरेशी रॅम असलेली यंत्रं त्या दिवसापासून कागदोपत्री असुरक्षित झाली. कंपन्यांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत मुदत वाढवता येते, पण पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, हा दर पाहिला की हिशेब नव्या खरेदीकडे झुकतो. वेब आणि सर्व्हरची कामं करणाऱ्या छोट्या कंपनीला मात्र इथे तिसरी वाट आहे. तिचं बहुतेक काम शेवटी लिनक्सच्या सर्व्हरवरच चालतं. प्रोग्रॅमरच्या टेबलावरही लिनक्स आलं तर काम अडत नाही, कित्येकदा सोपं होतं. केरळने आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमधले संगणक वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून दाखवले आहेत. टॅली किंवा क्लायंटचं विंडोजवरच चालणारं काम असलेली दोन-चार टेबलं वेगळी ठेवावीत. सगळ्या ऑफिसने एकच प्रणाली वापरलीच पाहिजे असा नियम कुठेच नाही.

लॅपटॉप प्रत्यक्षात कशाने मरतो हे दुरुस्तीवाल्यांना विचारावं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड ही त्यांची विद्यापीठं. तिथे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात: बॅटरी फुगली, बिजागरी तुटली, चार्जरचं भोक सैल झालं, पंख्यात धूळ अडकून यंत्र तापतं, चहा सांडला. यातलं बरंचसं टाळता येतं आणि उरलेलं बहुतेक दुरुस्त होतं. दिवसभर प्लगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली राहिली की लवकर झिजते. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती एकदा चालू करून विसरून जायचं. बांधकामांच्या धुळीने भरलेल्या आपल्या शहरांत वर्षातून एकदा पंखा साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली की ‘स्लो झालाय’ ही तक्रार पुष्कळदा तिथेच मिटते. रॅम आठची सोळा जीबी केली, जुन्या यंत्रातली फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की पाच वर्षांचं यंत्र पुन्हा कामाला जुंपता येतं. मात्र मेमरीचे हेच भाग बनवतानाही कार्बनचा मोठा बोजा पडतो, तेव्हा २५६ जीबी पुरत असेल तिथे एक टीबी बसवण्यात शहाणपण नाही.

हे सगळं शक्य व्हायचं तर निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो. मदरबोर्डला कायमची चिकटवलेली रॅम, गोंदाने बसवलेली बॅटरी असलेला देखणा लॅपटॉप दुरुस्तीवाल्याचे हात बांधून टाकतो. थोडा जाड, पण स्क्रूने उघडणारा, रॅमसाठी मोकळी जागा असलेला, सुटे भाग सहज मिळणारा लॅपटॉप घ्यावा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, पण खोक्यावर गुण अजून आलेले नाहीत. तोवर हे काम ऑफिसमधल्या एखाद्या माणसाने करायचं. प्रत्येक यंत्राची एक ओळ: खरेदीची तारीख, बदललेले भाग, आता कुणाकडे, पुढे कुणाकडे. जड काम करणाऱ्याकडे नवं यंत्र, तीन वर्षांनी ते चाचणी करणाऱ्याकडे, आणखी दोन-तीन वर्षांनी हिशेब किंवा स्वागतकक्षाकडे. पैशांचं बोलायचं तर समजा तीस लॅपटॉप, प्रत्येकी साठ हजार. दर तीन वर्षांनी बदलले तर बारा वर्षांत चार वेळा खरेदी, ७२ लाख. सहा वर्षांनी बदलले तर ३६. प्रत्येक यंत्राच्या दुरुस्तीला आणि भागांना दहा हजार धरले तरी साठ यंत्रांचे सहा लाख होतात.

यावर तरुण कर्मचाऱ्यांचा आक्षेप मी गांभीर्याने घेते. जुनं यंत्र देणं म्हणजे माणसाची किंमत कमी लेखणं, असं त्यांना वाटतं आणि ते निराधार नाही. दर वेळी बिल्ड होताना चार मिनिटं पडद्याकडे बघत बसावं लागत असेल, तर कंपनी पर्यावरणाच्या नावावर स्वतःची कंजुषी खपवत आहे. म्हणून वयाऐवजी कामाची कसोटी लावावी: हे काम या यंत्रावर खोळंबतं का? खोळंबत असेल तर ताबडतोब नवं द्यावं आणि जुन्याला दुसरं काम शोधावं. मालकाच्या टेबलावर सर्वांत नवं यंत्र आणि बाकीच्यांना काटकसरीचे धडे, असं असेल तर ही पद्धत सहा महिनेही टिकणार नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. क्लायंटची माहिती असलेली यंत्रं विकण्यापेक्षा फोडणं बरं, असं काही करारांतच लिहिलेलं असतं. यात गुपित असतं ते फक्त डिस्कमध्ये. ती सुरुवातीपासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर किल्ली नष्ट केली की माहिती वाचता येत नाही. तेवढ्यावर क्लायंटचं समाधान होत नसेल तर डिस्क काढून नष्ट करावी. काही ग्रॅमच्या त्या भागासाठी दीड किलोचं यंत्र चिरडायचं कारण नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: लॅपटॉपपेक्षा एसी आणि प्रवास मोठे आहेत. खरं आहे. दीड टनाचा एक एसी सरासरी एक किलोवॉटने नऊ तास, वर्षाला दोनशे दिवस चालला तर १,८०० युनिट होतात, म्हणजे तीसेक लॅपटॉपची वर्षाची वीज. रोज वीस किलोमीटर कारने ये-जा करणाऱ्या एका माणसाचं पेट्रोल त्याच्या लॅपटॉपच्या जन्माच्या बोजाला काही महिन्यांत मागे टाकतं. तेव्हा एसी २४ अंशांवर ठेवावा (ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते), ७५ वॉटच्या पंख्यांच्या जागी तीस वॉटचे बीएलडीसी पंखे लावावेत, आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम असावं. या गोष्टी कराव्यातच. पण एसी इमारतीच्या काचेच्या भिंतींवर अवलंबून असतो आणि प्रवास शहराच्या बसव्यवस्थेवर. कंपनीचा त्यावरचा ताबा अर्धामुर्धा आहे. यंत्राच्या खरेदीवर तो पूर्ण आहे आणि ज्या कंपनीला स्वतःच्या यंत्रांची नोंदवही ठेवायची सवय लागली, ती विजेचं बिलही वाचायला लागते.

यंत्र बाहेर पडतं तेव्हा काय होतं, हा या कहाणीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. त्यांत मोठ्या ग्राहकाने आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच द्यायचा, असं बंधन आहे. पण मोठा ग्राहक म्हणजे वर्षात कधीही किमान एक हजार साधनं वापरात असलेली संस्था. तीस लॅपटॉपवाली कंपनी या जाळ्यातून अलगद निसटते, आणि अशा असंख्य कंपन्यांचा कचरा मिळून केवढा होतो हे कुणी मोजत नाही. दिवाळीच्या सफाईत तो भंगारात जातो, आणि तिथून पुढे उघड्यावर तारा जाळणाऱ्या, आम्लात बोर्ड बुडवून सोनं-तांबं काढणाऱ्या हातांत. त्या माणसांची फुप्फुसं हा या हिशेबातला खर्च आहे, फक्त तो कुणाच्या ताळेबंदात येत नाही. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. कायद्याने बांधलेलं नसलं तरी अशा संस्थेकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे देऊन पावती घेणं, हे छोट्या कंपनीने स्वतःवर घालून घेण्यासारखं बंधन आहे. यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्यांनाही तोच न्याय.

आणि सेवा देणारी कंपनी केवळ यंत्रं वापरत नाही. ती जे लिहिते त्यावर इतरांच्या यंत्रांचं आयुष्य ठरतं. ग्रामपंचायतीच्या दाखल्यासाठी किंवा पीकविम्यासाठी बनवलेलं अ‍ॅप चार वर्षांच्या स्वस्त फोनवर अडकत असेल, तर ते हजारो लोकांना नवा फोन घ्यायला भाग पाडतं, आणि त्यापुढे ऑफिसातले तीस लॅपटॉप किरकोळ आहेत. जर्मनीच्या ‘ब्लू एंजल’ या पर्यावरण-चिन्हाने सॉफ्टवेअरसाठी निकष केले, त्यांतला एक असा की प्रोग्रॅम किमान पाच वर्षं जुन्या संगणकावरही चालला पाहिजे. २०२२ मध्ये हे चिन्ह मिळवणारा पहिला प्रोग्रॅम ‘ऑक्युलर’ हा कागदपत्रं वाचण्याचा साधा, मुक्त प्रोग्रॅम होता, जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेला. हे जमायला अफाट भांडवल लागत नाही. सर्व्हरच्या बाबतीतही तसंच. चाचणीसाठी घेतलेले क्लाउड सर्व्हर आठवड्याचे १६८ तास चालू असतात आणि कामाचे तास पन्नास. रात्री आणि शनिवार-रविवारी ते आपोआप बंद होतील अशी चार ओळींची व्यवस्था केली की सत्तर टक्के वेळ वाचतो, बिलही बरंच उतरतं.

अडचण पैशांची आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. क्लायंट तासांचे पैसे देतो. हलकं, जुन्या फोनवर चालणारं सॉफ्टवेअर लिहायला जास्त तास लागतात आणि ते दरपत्रकात दिसत नाहीत. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून मोठे क्लायंट आपल्या पुरवठादारांना प्रश्नावल्या पाठवू लागले आहेत. छोट्या कंपन्या त्या डोकेदुखी समजून कशाबशा भरतात. त्यांनी उलट त्याच क्लायंटपुढे निविदेत एक वेगळी ओळ टाकावी: पाच वर्षं जुन्या फोनवर आणि मंद नेटवर्कवर चाचणी, त्याचे इतके तास, इतके रुपये. स्वीकृतीच्या अटींतही तीच कसोटी लिहून घ्यावी. क्लायंट ती ओळ खोडू शकतो, पण खोडताना त्याला ती वाचावी लागेल आणि आपल्याच अहवालात पुरवठादारांविषयी काय लिहायचं, हे त्यानंतर त्याला ठरवावं लागेल.