हलव्याचा काटा आणि कोपरीचा हिवाळा

चित्रपुस्तक म्हणजे केवळ चित्रे घातलेले गोष्टीचे पुस्तक नव्हे. ज्यात गोष्टीचा काही भाग शब्द सांगतात व उरलेला चित्रे सांगतात, आणि म्हणून दोहोंपैकी एक झाकले तर गोष्ट लंगडी पडते, त्याच पुस्तकाला हे नाव शोभते. ते बहुधा ३२ पानांचे असते, कारण छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला की १६ पानांचा एक फर्मा होतो आणि असे दोन फर्मे त्यात नेमके बसतात. अक्षरओळख नसलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला मोठे माणूस ते वाचून दाखवते, तेव्हा मूल चित्र वाचत असते, आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली गोष्ट पुष्कळदा तेच बोट ठेवून दाखवते.

हिवाळ्यावरच्या अशा पुस्तकांत एझरा जॅक कीट्स यांच्या १९६२ च्या ‘द स्नोई डे’चे नाव अग्रभागी येते. रंगीत कागद व कापडाचे तुकडे चिकटवून, म्हणजे कोलाज पद्धतीने, केलेल्या त्यातील चित्रांसाठी त्यांना १९६३ मध्ये कॅल्डेकॉट पदक हा अमेरिकेतील चित्रपुस्तकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा लाल पोशाखात बर्फावर पावले उमटवत हिंडतो आणि बर्फाचा एक गोळा खिशात घालून घरी येतो. रात्री पाहतो तो खिसा रिकामा असतो. घटना एवढीच आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० मध्ये आपल्या १२५ वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा सर्वांत जास्त, म्हणजे ४,८५,५८३ वेळा, वाचकांनी घरी नेलेले पुस्तक हेच ठरले. कीट्स स्वतः ब्रुकलिनमध्ये वाढलेले होते. त्यांनी चितारलेला हिवाळा त्यांच्याच शहराचा होता, हे पुस्तकाच्या यशाचे एक कारण मानावे लागते.

ठाणे पूर्वेच्या कोपरीत बर्फ पडत नाही, म्हणून तेथील मुलाला हिवाळाच नसतो असे मात्र नाही. चेंदणी कोळीवाडा आणि मीठबंदर यांच्या बाजूने खाडीवर पहाटे धुके उतरते, पंखा बंद करून गोधडी निघते, बाजारात बोरे आणि ओला हरभरा येतो. हीच खाडी दक्षिणेकडे ऐरोलीच्या दिशेने रुंदावते, आणि थंडीत तिच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. त्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. गुलाबी पक्षी आणि करडा चिखल, ही रंगसंगती कोणत्याही चित्रकाराला हेवा वाटावा अशी आहे.

तरीही येथल्या हिवाळ्याचे खरे चित्र खाडीवर नसून घरात, परातीत आहे. मंद आचेवरच्या परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर साखरेचा पाक चमच्याचमच्याने सोडत, हाताने सतत फिरवत राहिले की दाण्यावर थरावर थर चढतात आणि टोके फुटू लागतात. यालाच हलव्याला काटा येणे म्हणतात. हवा गार आणि कोरडी असली की काटा चांगला फुलतो, असे हलवा करणाऱ्या बायका सांगतात. थंडीने माणसाच्या अंगावरही काटाच येतो. एकच शब्द दोन ठिकाणी, आणि दोन्ही समोरासमोरच्या पानांवर काढता येण्याजोगे: एकीकडे मुलाचा उघडा दंड, दुसरीकडे पांढराशुभ्र दाणा. हा खेळ मराठीतच जमतो, आणि भाषांतरित पुस्तकांतून तो मिळण्याची शक्यता नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी शब्द व चित्र दोन्ही एकाच हाताने करणारी लेखिका मराठीत असल्यामुळे, अशा पुस्तकासाठी आदर्श बाहेर शोधायला नको.

असे पुस्तक संपवायला बोरन्हाणासारखा प्रसंग नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही होणाऱ्या या सोहळ्यात लहान मुलाला, ऊब धरून ठेवणाऱ्या काळ्या रंगाचे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात व डोक्यावरून बोरे, कुरमुरे, उसाचे करवे ओततात. भोवतालची पोरे ती वेचायला तुटून पडतात, आणि मधले मूल बहुधा भांबावून दागिन्यातला एखादा दाणा तोंडात घालते. त्या पानावर लेखकाने एकही शब्द लिहू नये.