काट्याखालचं पेट्रोल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातल्या फायली, कारकून, अधिकारी आणि त्यांचे संसार सातपुड्याच्या पलीकडे निघाले. त्यांत मराठी घरं पुष्कळ होती. नोकरी भोपाळला आली, पण आजोळ, सोयरिकी आणि लग्नकार्यं नागपूरकडेच राहिली. पुढे ज्या घरात गाडी आली, त्या घराचा एक रस्ता ठरून गेला : ओबेदुल्लागंज, होशंगाबाद, इटारसी, बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सावनेर, नागपूर. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. ओबेदुल्लागंजनंतर बुदनीपर्यंत जंगल, इटारसीपुढे सातपुड्याची चढण. लिटरला नऊ-दहा किलोमीटर देणाऱ्या अ‍ॅम्बॅसेडरला एवढ्या वाटेला पस्तीस-चाळीस लिटर पेट्रोल लागायचं. टाकी काठोकाठ भरून निघालं तरच मधे न भरता पोचण्याची खात्री. त्यामुळे या रस्त्यावर चालकाची एक नजर समोर असे आणि दुसरी डॅशबोर्डावरच्या त्या छोट्या काट्यावर.

काटा अगदी खाली टेकला तरी गाडी चालत राहते, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असतं. किती चालते, हे मात्र गाडीगणिक बदलतं. त्या शिल्लक पेट्रोलची, म्हणजे रिझर्व्हची व्यवस्था जुन्या गाड्यांत कशी केली होती, हे पाहण्यासारखं आहे. तिच्यामागे खरं अभियांत्रिकी डोकं आहे आणि चालकाच्या स्वभावाची जाणही.

सर्वांत पसरलेला गैरसमज आधी दूर करायला हवा. रिझर्व्हची वेगळी टाकी नसते. टाकी एकच, पेट्रोल एकच. फरक असतो तो पेट्रोल कोणत्या उंचीवरून उचललं जातं याचा.

स्कूटरवर हे सर्वांत स्वच्छ दिसतं. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडू लागलेल्या बजाज चेतकवर एक पिढी ऑफिसला गेली, आणि त्या पिढीला सीटखालच्या पेट्रोल कॉकच्या तीन जागा डोळे मिटून सापडायच्या : चालू, बंद, रिझर्व्ह. कॉकमधून टाकीत एक बारीक नळी उभी असते. कॉक ‘चालू’वर असला की पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं. पेट्रोलची पातळी त्या तोंडाखाली गेली की पुरवठा थांबतो, टाकीत पेट्रोल असूनही. मग कॉक ‘रिझर्व्ह’ला फिरवायचा. आता पेट्रोल नळीच्या बुडाशी असलेल्या भोकातून येतं आणि तळातला साठा मोकळा होतो. यात वायर नाही, दिवा नाही, काटा नाही. एका नळीची उंची हीच सगळी यंत्रणा.

इशारासुद्धा गाडीच देते. इंजिन अडखळतं, दोन-चार झटके देतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरलेलं असतं, तेवढ्या सेकंदांत सराईत माणूस चालत्या स्कूटरवरच खाली हात घालून कॉक फिरवतो. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे शब्द त्याच क्षणाचे. या व्यवस्थेचा मोठा गुण असा की तिच्याकडे दुर्लक्ष करताच येत नाही. पेट्रोल खरोखर अडवून ठेवलेलं असतं, आणि ते सोडवण्यासाठी माणसाला स्वतः काही करावं लागतं. दोष एकच : पंपावर टाकी भरल्यावर कॉक परत ‘चालू’वर आणायला विसरलं, तर पुढच्या वेळी झटके येतात तेव्हा मागे काहीच उरलेलं नसतं. मग स्कूटर आडवी करून कोपऱ्यातलं पेट्रोल कॉकपर्यंत आणायचं. मोटारसायकलवर हा उपाय अधिक लागू पडतो, कारण तिची टाकी चासीच्या नळीवर खोगिरासारखी बसते आणि एका बाजूच्या पोटात पेट्रोल अडकून राहतं.

मोटारींतही सुरुवात अशीच झाली. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये टाकी पुढच्या सीटखाली होती. पेट्रोल मोजायचं तर सीट उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवायची. पंप नव्हता, पेट्रोल उतारानं इंजिनकडे जायचं. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला की इंजिनच टाकीच्या वर जायचं आणि उपाशी पडायचं. म्हणून चालक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत. फोल्क्सवागन बीटलला १९६१ पर्यंत बहुतेक देशांत पेट्रोलचा काटाच नव्हता. चालकाच्या पायापाशी एक खटका होता, झटके आले की तो फिरवायचा आणि पाच लिटरचा राखीव साठा मोकळा करायचा. ब्रिटनमधल्या रोव्हरच्या काही गाड्यांत हीच सोय डॅशबोर्डावर ओढायच्या मुठीत आणली होती.

पण टाकी मागच्या बाजूला गेली, इंजिन पुढेच राहिलं आणि मधे पंप आला, तसा चालकाच्या हातातला कॉक बहुतेक मोटारींतून गेला. त्याची जागा काट्यानं घेतली.

भारतातल्या रस्त्यांवर दीर्घकाळ मुख्यतः दोनच घराणी होती. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर ही ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची वारस. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११०० डिलाइट, म्हणजेच पुढची पद्मिनी, ही इटालियन. घराणी वेगळी, पण टाकीतलं तत्त्व एकच. संडासाच्या फ्लशच्या टाकीत जसा तरंगता गोळा दांडीला लावलेला असतो, तसा पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट. त्याची दांडी वरखाली झाली की तिच्या दुसऱ्या टोकाची पत्ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. तारेची जितकी लांबी मार्गात येईल तितका विद्युतरोध, आणि त्यावर डॅशबोर्डातला काटा किती हलायचा ते ठरतं.

काट्याचे प्रकार मात्र दोन. एकात दोन कॉइलींच्या चुंबकीय ओढीत काटा उभा असतो. तो चपळ असतो, ब्रेक दाबला की डोलतो, वळणावर नाचतो. दुसऱ्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सावकाश सरकतो. किल्ली फिरवल्यावर काटा हळूहळू चढत असेल, तर ती जोडपट्टी. हा काटा खड्ड्यांनी डगमगत नाही. पण बॅटरीचा दाब कमीजास्त झाला की पट्टीही कमीजास्त तापणार. म्हणून १९६०च्या दशकातल्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत डॅशबोर्डामागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर बसवत. पेट्रोलचा आणि इंजिनच्या तापमानाचा काटा दोन्ही एकदम वर गेले, तर जाणता इलेक्ट्रिशियन टाकी उघडत नाही. तो आधी स्टॅबिलायझर पाहतो.

काटा टाकीतल्या लिटरांबद्दल बोलत नाही, फ्लोटच्या उंचीबद्दल बोलतो. टाकी गळ्यापर्यंत भरली की फ्लोट आधीच छताला टेकलेला असतो. वरचे काही लिटर संपेपर्यंत तो हलत नाही, आणि चालक गाडीच्या सरासरीवर खूश असतो. मग अर्ध्याच्या खाली काटा भराभर उतरू लागतो. शेवटी फ्लोटची दांडी खालच्या अटकावाला लागते. तिच्याखालीही पेट्रोल असतं, पण त्याची खबर काट्याला नसते. ज्याला जुन्या गाड्यांत रिझर्व्ह म्हणतात ते हेच : काट्याला न दिसणारं पेट्रोल. कॉकनं ते अडवून धरलं होतं. काटा फक्त त्याच्याबद्दल गप्प राहतो.

भोपाळसारख्या शहरात तर उंचीवर बेतलेलं हे मोजमाप आणखी फसवं ठरतं. इथे सपाट रस्ता कमी. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, अरेरा हिल्स, लालघाटीचा चढ, तलावाकडे उतरणारे रस्ते. चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या भिंतीकडे जातं, उतारावर पुढे येतं, आणि फ्लोट जिथे असेल त्याप्रमाणे काटा चढतो किंवा पडतो. उतारावर लावलेल्या गाडीतला काटा वाचून पेट्रोलचा हिशेब करू नये. गाडी सपाटीवर आणावी, मिनिटभर थांबावं, मग पाहावं.

लाल दिवा आला तो काट्याची ही चूक भरून काढायला. फियाटनं त्यावर फार आधी भर दिला. १९५७च्या छोट्या फियाट ५०० मध्ये काटाच नव्हता, फक्त एक लाल दिवा होता. २१ लिटरच्या टाकीत चार-पाच लिटर उरले की तो लागायचा. त्याची जुळणी साधी आहे. फ्लोटची दांडी ठरावीक पातळीखाली उतरली की एका पत्तीला टेकते, सर्किट पूर्ण होतं, दिवा पेटतो. म्हणूनच जुन्या गाडीतला हा दिवा आधी वळणावर लुकलुकतो, मग ब्रेक मारल्यावर, आणि शेवटी कायमचा लागतो. त्या लुकलुकण्यात चालकाला उपयोगाची माहिती असते. पण बल्ब गेलेला असेल तर गाडी काहीच सांगत नाही, आणि जुन्या साध्या जुळणीत बल्ब तपासण्याची सोय नसे.

जपानी गाड्यांनी यावर वेगळा उपाय काढला. टाकीच्या तळाजवळ थर्मिस्टर बसवला. तापला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा हा छोटा तुकडा. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत पेट्रोल त्याला गार ठेवतं आणि दिव्यापर्यंत पुरेसा प्रवाह पोचत नाही. उघडा पडला की तो स्वतःच्याच प्रवाहानं तापतो, रोध उतरतो, दिवा लागतो. पेट्रोल एकदा हिंदकळून पुन्हा त्याच्यावर आलं की तो गार होतो, म्हणून दिवा वळणावळणाला लुकलुकत नाही. यात हलणारा भाग एकही नाही. गाडीच्या आत दडलेल्या छोट्या युक्त्यांमध्ये ही खरोखर सुंदर युक्ती आहे.

तरीही दिवा आणि कॉक यांत एक मूलभूत अंतर राहिलं. कॉक पेट्रोल रोखायचा, दिवा फक्त सांगतो. सांगितलेलं पुढे ढकलता येतं. ‘अजून तीस-चाळीस किलोमीटर जाईल’ हे वाक्य दिव्यामुळे जन्माला आलं. पेट्रोलच्या किमतीनंही त्याला बळ दिलं. १९७३च्या तेलसंकटात पेट्रोल इतकं महागलं की ग्वाल्हेरचे खासदार अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून नोव्हेंबरमध्ये बैलगाडीतून संसदेत गेले. टाकी भरण्याऐवजी पाच लिटर टाकून दिवस काढणाऱ्या मध्यमवर्गाची गाडी मग वर्षानुवर्षं काट्याच्या तळाशीच चालायची.

त्याची किंमत इंजिन मोजतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं, त्यामुळे टाकीतला ओलावा, गंज आणि गाळ तळाशी साठतो. नेमकं तिथलंच पेट्रोल शेवटी उचललं जातं. कार्ब्युरेटरचं बारीक जेट त्यानं तुंबतं. जून २०२५ मध्ये रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर बंद पडल्या आणि टाक्या उघडल्यावर पाणी निघालं, तेव्हा पाण्यानं इंजिन कसं अडतं ते सगळ्या राज्यानं पाहिलं. तिथे पाणी पंपावरून आलं होतं. जुन्या गाडीत तेच थोडंथोडं दरवर्षी पावसाळ्यात साठतं.

पेट्रोल पूर्ण संपलं तर जुनी पेट्रोल गाडी फार छळत नाही. कॅनमधून दोन लिटर ओतायचं, मेकॅनिकल पंपाचा छोटा दांडा हातानं मारून कार्ब्युरेटर भरायचा आणि स्टार्टर द्यायचा. डिझेलची गोष्ट वेगळी. टाकी कोरडी पडली की लाइनीत हवा शिरते आणि मेकॅनिक म्हणतो, ‘गाडीनं एअर घेतली.’ मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हँडपंप दाबत राहायचं, फेसाळ डिझेल येणं थांबून सलग धार लागेपर्यंत. त्यानंतर इंजेक्टरच्या लाइनी. जंगलातल्या टप्प्यावर रात्री हे काम पाना आणि टॉर्चनं केलेले जीपचालक डिझेलचा काटा पावच्या खाली जाऊ देत नाहीत.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांत टाकी तळाला न नेण्याचं आणखी एक कारण जोडलं गेलं. त्यांचा विजेवर चालणारा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. दिव्यावर रोज गाडी चालवली की पंप तापतो आणि लवकर जातो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आले, जवळजवळ सगळ्या दुचाकींत इंजेक्शन आलं आणि नव्या गाड्यांतून कॉक नाहीसा झाला.

जुन्या गाड्यांच्या मालकांसमोर आता पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉलही आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानं, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या मोटारींची सरासरी वीस टक्के इथेनॉलवर सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे तेवढ्याच रिझर्व्हमध्ये गाडी पूर्वीपेक्षा कमी जाणार. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही.

ज्यांची जुनी गाडी आजही चालते त्यांनी तिचं रिझर्व्ह स्वतः मोजून घ्यावं. काटा तळाला टेकला किंवा दिवा कायमचा लागला की गाडी सपाट जागी लावून टाकी पूर्ण भरायची, किती लिटर बसलं ते पाहायचं आणि टाकीच्या क्षमतेतून वजा करायचं. उरेल ते त्या गाडीचं रिझर्व्ह. त्यातला शेवटचा एखादा लिटर नळीला उचलता येत नाही, तो सोडून द्यायचा. फ्लोट बदलायचा असेल तर भोपाळच्या कबाडखान्यात जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, पण दुसऱ्या गाडीचा फ्लोट बसवला की काटा दुसऱ्याच टाकीचा हिशेब सांगतो. तेव्हा रिकाम्या टाकीत मापानं पाच-पाच लिटर ओतत, प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो त्याची खूण करत, दांडी जराशी वाकवून जुळवावी लागते. पहिल्या पाच लिटरनंतर काटा हलला नाही, तर दांडी पुन्हा बाहेर काढायची.